पाकिटाच्या मागून पुढे: पोषणमाहितीच्या लेबलचा प्रवास

बिस्किटांच्या पाकिटामागे लिहिलेले असते, ‘एका सर्व्हिंगमध्ये साखर 6 ग्रॅम’. वाचून हायसे वाटते. सर्व्हिंग, म्हणजे एका वेळी खायचे माप, 25 ग्रॅमचे आहे, हे त्याखाली आणखी बारीक अक्षरात असते आणि पाकीट असते 100 ग्रॅमचे. गप्पांच्या नादात ते संपले की 24 ग्रॅम, म्हणजे साधारण सहा चमचे साखर पोटात गेलेली असते. वरून घातलेल्या साखरेतून दिवसभरातली 10 टक्क्यांहून कमी आणि जमल्यास 5 टक्क्यांहून कमी ऊर्जा यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सुचवले. हे 5 टक्के म्हणजे प्रौढ माणसासाठी सुमारे 25 ग्रॅम. दिवसाची साखर त्या एका पाकिटातच संपली. लेबलवरचा आकडा खरा होता, पण तो कळायला गुणाकार करावा लागला. हातात पिशवी आणि कडेवर मूल असताना हा गुणाकार कोण करणार?

लेबलचे पहिले कायदे पोषणासाठी नव्हतेच, ते भेसळीविरुद्ध होते. अमेरिकेत 1906 साली शुद्ध अन्न व औषध कायदा आला, तो भेसळ आणि खोटी लेबले रोखण्यासाठी. पदार्थात मेद किती, साखर किती, हे सांगण्याची सक्ती त्यात नव्हती. खरे तर हे मोजण्याची विद्या तोवर हाती आली होती. एका ग्रॅम कर्बोदकात किंवा प्रथिनात 4 आणि मेदात 9 कॅलरी, हा आजही वापरात असलेला हिशोब अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडला. तो पाकिटावर उतरायला पाऊणशे वर्षे गेली, कारण बहुतेक अन्न घरीच शिजत होते. तयार पाकिटे वाढली, तशी आपण काय खातोय हे खाणाऱ्यालाच कळेनासे झाले. 1969 साली व्हाइट हाउसने भरवलेल्या आहारविषयक परिषदेत हा प्रश्न पुढे आला आणि 1973 मध्ये अमेरिकेत पोषणमाहितीचे नियम झाले. पण सक्ती फक्त पोषक घटक वरून घालणाऱ्या किंवा पोषणाचा दावा करणाऱ्या उत्पादनांना. बाकीच्यांची मर्जी.

1984 मध्ये केलॉग कंपनीने ऑल-ब्रॅन या न्याहारीच्या पदार्थाच्या खोक्यावर तंतुमय आहाराने कर्करोगाचा धोका कमी होऊ शकतो असे छापले, तेही अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या साथीने. अन्नाच्या वेष्टनावर रोगाचे नाव घ्यायचे नाही, हा दंडक मोडला आणि मग दाव्यांचे पेवच फुटले. ते आवरायला 1990 चा पोषण लेबल कायदा आला. 1994 पासून बहुतेक सगळ्या पाकिटांवर एकसारखी काळी-पांढरी चौकट दिसू लागली. बर्की बेल्सर यांनी केलेली तिची रचना अगदी साधी आहे आणि तेच तिचे बळ आहे.

लेबल ग्राहकापेक्षा उत्पादकाला जास्त बदलते, असे मला वाटते. 2006 पासून अमेरिकेत ट्रान्स फॅट या हृदयाला घातक मेदाचा आकडा छापणे बंधनकारक झाले आणि तो छापावा लागू नये म्हणून अनेक कंपन्यांनी कृतीच बदलल्या. हा फायदा लेबल कधीच न वाचणाऱ्यालाही मिळाला. पण एका सर्व्हिंगमध्ये 0.5 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ‘0’ लिहायची मुभा राहिली. सर्व्हिंग लहान धरले की शून्य! हे मला आजही खटकते.

मागच्या बाजूची चौकट पुरत नाही, हे युरोपात लवकर ओळखले गेले. स्वीडनने 1989 मध्येच तुलनेने चांगल्या पदार्थांवर हिरवी किल्लीच्या भोकाची खूण आणली. ब्रिटनमध्ये 2006 च्या सुमारास लाल-पिवळा-हिरवा सिग्नल आला आणि फ्रान्सने 2017 मध्ये A (सर्वांत चांगले) ते E (सर्वांत वाईट) अशी न्यूट्री-स्कोअरची श्रेणी स्वीकारली. या सगळ्या ऐच्छिक होत्या. ज्याच्या मालावर लाल ठिपका येणार, तो आपणहून का लावेल?

चिलीने ऐच्छिकपणाच काढून टाकला. 2012 साली मंजूर झालेला कायदा 2016 च्या जूनमध्ये लागू झाला आणि ‘साखर जास्त’, ‘सोडियम जास्त’ अशा काळ्या अष्टकोनी खुणा पाकिटाच्या दर्शनी बाजूवर आल्या. ज्यावर ही खूण, त्यावर मुलांना भुलवणारी कार्टून चित्रे नाहीत आणि तो माल शाळेत विकायचा नाही. घन पदार्थांसाठी साखरेची मर्यादा सुरुवातीला 100 ग्रॅममागे 22.5 ग्रॅम होती, ती टप्प्याटप्प्याने 2019 पर्यंत 10 ग्रॅमवर आणली. मोजमाप थेट 100 ग्रॅममागे असल्याने सर्व्हिंगची पळवाटही बुजली.

खूण टाळायला उत्पादकांनी साखर कमी केली, पण अनेकांनी तिच्या जागी कृत्रिम गोडवा घातला. म्हणून 2020 मध्ये मेक्सिकोने असेच अष्टकोन आणताना आणखी एक पट्टी जोडली: यात गोडवा आणणारे पदार्थ आहेत, मुलांसाठी योग्य नाही.