पुसट दिसणारी खाच

नेमबाजीच्या रेंजवर परवा एका काकांनी परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची मागची साइट (नेम धरायची खाच असलेली पट्टी) बदलून आणली. गनस्मिथने वरच्या पट्टीतला स्क्रू काढून नवी बसवून दिलेली, खाचेभोवती पांढरी चौकट, एकदम लख्ख. 25 मीटरवर पाच गोळ्या झाडल्या. पाचही एकमेकींजवळ, पण मध्यापासून 5 सेंटिमीटर डावीकडे. "महागातली घेतली, तरी नेम चुकतोच!"

चापाला झटका बसला तरी उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या डावीकडे जातात. म्हणून आधी दुसऱ्याकडून पाच झाडून घेतल्या. त्याही तिथेच. म्हणजे दोष साइटच्या जागेत. आता शाळेतले समरूप त्रिकोण काढा. खाच आणि पुढची माशी (नळीच्या टोकावरची, खाचेतून बघायची खुंटी) यांत अंतर 15 सेंटिमीटर, टार्गेट त्याच्या साधारण 167 पट लांब. 50 मिलिमीटरला 167 ने भागलं की 0.3 मिलिमीटर. जाड पोस्टकार्डाएवढं! गोळी जिकडे हवी तिकडे मागची साइट सरकवायची (माशी सरकवणार असाल तर उलट), म्हणजे इथे उजवीकडे.

पण खरी गंमत डोळ्यात आहे. डोळ्याचं भिंग एका वेळी एकाच अंतरावर जुळतं. खाच, माशी आणि टार्गेट तिन्ही एकदम स्वच्छ फक्त सिनेमातल्या नायकाला दिसतात. माशी डोळ्यापासून 80 सेंटिमीटरवर धरा. नजर तिच्यावर जुळवली की टार्गेटसाठी भिंग सुमारे 1.2 डायॉप्टरने (चष्म्याचा नंबर मोजतात तेच माप) चुकतं. बाहुली 3 मिलिमीटरची असेल तर 1.2 × 3 × 25, म्हणजे टार्गेटवरचा प्रत्येक ठिपका 90 मिलिमीटरच्या चकतीएवढा फिसकटतो. भयंकर वाटतं ना? पण टार्गेटचा काळा गोल 200 मिलिमीटरचा, आणि त्याची कड चहूबाजूंनी सारखीच पुसट होते. त्यामुळे मध्य हलत नाही. उलट माशी खाचेत नुसती 0.1 मिलिमीटर सरकली तरी गोळी 17 मिलिमीटर पळते. म्हणून नजर माशीवरच हवी. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं, तेही अशाच उघड्या साइटवर. तिथे दुर्बीण, लेझर काही चालत नाही.

मागची खाच पुसटच दिसायची असते. तिच्या कडा अर्ध्या मिलिमीटरने विरघळतात. खाच अरुंद असेल तर माशीच्या दोन्ही बाजूंच्या उजेडाच्या फटी त्यातच गडप होतात. फार रुंद असेल तर मध्य कळत नाही. आणि पांढरी चौकट नजरेला मागे ओढते. जाहिरातीत हे लिहीत नाहीत. (खंडेनवमीची पूजा जरूर करा, पण खाचेत अडकलेलं कुंकू नंतर पुसा. एका बाजूची फट बुजली की गोळी पळते, त्याचा साडेसातीशी संबंध नाही.)

काकांनी रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, चौकट मार्करने काळी केली, बाजूचा स्क्रू फिरवला. पुढच्या पाचांतल्या चार मध्यावर आल्या. पाचवी डावीकडे गेली. ती मात्र चापाची.