शिंग साळताना कुठे थांबायचे?

श्रावणी अमावास्येच्या पोळ्याआधी मराठवाड्यात बैलांची शिंगे साळायला घेतात. काचेच्या तुकड्याने नाहीतर कानशीने वरचा खडबडीत थर काढायचा, मग रंग, बेगड, शेंब्या. हौस रास्त आहे. पण हात चालवण्याआधी शिंगाच्या आत काय आहे ते माहीत हवे.

वरचे कवच नखासारखे, केराटिनचे. ते दुखत नाही. आत हाडाचा गाभा असतो आणि दोहोंच्या मध्ये रक्तवाहिन्या व मज्जातंतूंचा जिवंत पदर. शिंगाच्या बुडाशी तळहात ठेवा, ऊब लागते. टोक गार असते. ऊब आहे तिथे कानस लावूच नये. टोक बोथट करायचे तर एका वेळी एक सेंटिमीटरच उतरवा. कापल्या जागी मधोमध गुलाबी ठिपका दिसला की थांबा, त्यापुढे रक्तच येणार.

शिंग बुडातून वाढते. म्हणून थोराड बैलाचे शिंग कितीही साळले तरी वळण तेच राहते, कवच मात्र पातळ होते. शिंग वळून डोळ्याकडे किंवा कानशिलाकडे येत असेल, तर ते कातडीत रुतायच्या आधीच टोक कमी करून घ्यावे.

देवणी आणि लाल कंधारीची शिंगे ही त्या जातींची ओळख आहे, ती विनाकारण काढू नयेत. मुक्त गोठ्यातल्या संकरित गाई एकमेकींना मारतात, तिथे मात्र शिंगे नसलेली बरी. ते काम वासरू दहा-पंधरा दिवसांचे असतानाच व्हावे. सुमारे दोन महिन्यांपर्यंत शिंगाचा कोंब नुसता कातडीत असतो, बोटाने हलवला तर हलतो; पुढे तो कवटीला जुळतो. पशुवैद्यक डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि कोंब यांच्या मधोमध भुलीचे इंजेक्शन देतात आणि तापलेली डागणी कोंबाभोवती फिरवतात. भोवती तांबूस कडे उमटले की काम झाले. कडे अर्धवट राहिले तर वेडेवाकडे खुंट उगवते. पावसाळ्यात माश्या जखमेवर बसून अळ्या पडतात, म्हणून थंडीचे दिवस निवडावेत.

वय वाढते तशी कपाळाच्या हाडातली पोकळी शिंगाच्या गाभ्यात शिरते. मोठ्या जनावराचे शिंग बुडातून कापले की ही पोकळीच उघडी पडते, जखम भरायला आठवडे लागतात. ही पोकळी नाकाशीही जोडलेली असते. म्हणूनच बैल डोके एका बाजूला कलते धरत असेल, तेच शिंग खुंट्याला घासत असेल आणि त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्ताळ शेंबूड येत असेल, तर शिंगाचा कर्करोग असू शकतो. हा रोग गाईंपेक्षा बैलांत जास्त दिसतो. शिंग सैल होऊन लोंबेपर्यंत थांबलात तर गाठ पोकळीतून कपाळात पसरलेली असते. लवकर दाखवले तर शिंग बुडातून काढून बैल वाचवता येतो.