बांध, ओढे आणि चर्चचा मनोरा : स्टीपलचेस आली कुठून?

धावपटू अविनाश साबळेची स्टीपलचेस रेस लागली की घरात हमखास कोणीतरी विचारतं, अरे हे मधे लाकडी ओंडके आणि पाण्याचा खड्डा कशाला ठेवलाय? त्याचं उत्तर आयर्लंडच्या शेतात आहे.

साल १७५२. कॉर्क परगण्यात कॉर्नेलियस ओकॅलॅहन आणि एडमंड ब्लेक या दोघांची पैज लागली, बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत घोडे पळवायचे, अंतर साधारण चार मैल, रस्ता वगैरे काही नाही, लांबून चर्चचा मनोरा दिसतो ना त्यावर नजर ठेवून सरळ सुटायचं आणि मधे बांध, दगडी गडगे, ओढे जे येईल ते ओलांडायचं. मनोऱ्याला इंग्रजीत स्टीपल म्हणतात, नाव तिथूनच पडलं.

पुढे याची मोठी शर्यत झाली ती इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ एन्ट्री (Aintree) नावाच्या ठिकाणी, ग्रँड नॅशनल. १८३९ मध्ये तिथे कॅप्टन बेचर घोड्यावरून थेट ओढ्यात पडले आणि बाकीचे घोडे वरून उड्या मारत जाईपर्यंत पाण्यातच दबून राहिले, त्या अडथळ्याला आजही बेचर्स ब्रुक म्हणतात.

माणसं पळायला लागली १८५० मध्ये, ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजची पोरं. घोड्यांच्या शर्यतीत वैतागलेला एक जण म्हणाला यापेक्षा मी पायी दोन मैल पळेन, आणि खरंच चिखलातून, कुंपणांवरून तशी शर्यत झाली. नंतर ती मैदानात आली, पण शेत काही सुटलं नाही. हर्डल्सचा अडथळा पाय लागला की पडतो, हा पडत नाही, कारण बांध कधी पडतो का? पुरुषांसाठी उंची ९१.४ सेंटीमीटर. ३००० मीटरमध्ये असे २८ अडथळे आणि ७ वेळा पाणी. पाणी अडथळ्यालगत सगळ्यात खोल, पुढे उथळ होत जातं, म्हणून ओंडक्यावर पाय देऊन लांब झेप घ्यायची, तरी एक पाय भिजतोच आणि पुढचं सगळं ओल्या बुटानेच पळायचं. मला हेच या रेसमध्ये सगळ्यात भारी वाटतं.

१९६८ पासून २०१६ पर्यंत ऑलिम्पिकमध्ये यावर केनियाचं राज्य होतं. आणि गंमत बघा, पाण्यावरून उड्या मारायच्या या खेळात आपल्याकडून पुढे आले ते दुष्काळी भागातले. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओच्या फायनलमध्ये दहावी आली, पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ट्रॅकवरच्या फायनलमध्ये कोणी भारतीय पोचलं होतं! आणि अविनाश आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, शेतकऱ्याचा पोरगा, महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला ड्युटी केली, मग पळायला लागला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये ८:११.२० मध्ये सिल्व्हर, १९९४ नंतर या रेसमध्ये केनियाबाहेर गेलेलं पहिलं मेडल, आणि गोल्ड हुकलं फक्त ०.०५ सेकंदाने.