सोसायटीची मीटर रूम आणि लोडवाढ: अर्ज कोणी करायचा, कागद कोणते लागतात

एका फ्लॅटमध्ये दुसरा एसी येतो. मालक लोडवाढीचा अर्ज करतो, मंजुरी मिळते आणि बिलावरचा मंजूर भार 2 किलोवॅटचा 5 होतो. खाली मीटर रूममध्ये मात्र इमारत बांधली तेव्हाचीच केबल, तेच कट-आउट (केबलच्या टोकाचा फ्यूज), तोच बसबार (सगळ्या मीटरना वीज वाटणारी धातूची पट्टी). दोन वर्षांत आणखी दहा जण हेच करतात, आणि मे महिन्यातल्या एखाद्या रात्री अख्खी विंग अंधारात जाते. आमच्या इमारतीत नेमकं असंच झालं. म्हणून कळकळीने सांगतो, लोडवाढीचे अर्ज सुटेसुटे करू नका. आधी सोसायटीने पूर्ण इमारतीचा हिशेब मांडावा.

हिशेब अवघड नाही. 24 फ्लॅट, प्रत्येकी 2 किलोवॅट, म्हणजे 48 किलोवॅट. 415 व्होल्टच्या थ्री फेजवर साधारण 67 अँपिअर. हाच भार प्रत्येकी 5 किलोवॅट झाला की 120 किलोवॅट, म्हणजे सुमारे 167 अँपिअर. सगळे सगळी उपकरणं एकदम लावत नाहीत, त्यामुळे इंजिनिअर यातून काही भाग वजा धरतो. पण उन्हाळ्यातल्या रात्री एसी सगळ्यांचेच एकदम चालतात, तेव्हा ही वजावट ताणू नका. लिफ्ट, पंप आणि पार्किंगमधलं गाड्यांचं चार्जिंग वेगळं धरा.

मग प्रश्न येतो, खर्च कोणाचा? वीज कंपनीची सर्व्हिस केबल (रस्त्यावरून इमारतीत येणारी) कट-आउटपर्यंत; तिथपर्यंतची जबाबदारी कंपनीची. मीटर आणि त्याचं सील कंपनीचं. मीटर रूमची जागा, पॅनेल, मीटरपासून फ्लॅटपर्यंत जाणाऱ्या सबमेन वायर आणि अर्थिंग हे सोसायटी आणि सभासदांनी बघायचं. ही सीमा सर्वसाधारण सभेत आधीच समजावून सांगितली तर निम्मे वाद तिथेच मिटतात.

हिशेबाबरोबर पाहणीही हवी. परवानाधारक कंत्राटदाराकडून पॅनेल उघडून घ्या आणि न्यूट्रल लिंककडे, म्हणजे सगळ्या न्यूट्रल वायर जिथे एकत्र जोडतात त्या पट्टीकडे, नीट बघायला सांगा. आमच्याकडे तांब्याची वायर ॲल्युमिनियमच्या केबलला थेट बोल्टने आवळलेली होती, वॉशरवर पांढरट भुकटी जमली होती आणि भोवतीचं इन्सुलेशन तपकिरी पडून कडक झालं होतं. तिथे बायमेटॅलिक लग, म्हणजे तांबं आणि ॲल्युमिनियम जोडणारा दुधातूचा तुकडा, हवा होता. असा न्यूट्रल सुटला की काही घरांत व्होल्टेज 300 च्याही वर जातं आणि टीव्ही-फ्रिज जळतात, शेजारच्या घरात त्याच वेळी दिवे मिणमिणतात.

आता अर्ज. फ्लॅटची लोडवाढ ज्याच्या नावावर बिल आहे त्यानेच मागायची. फ्लॅट विकत घेऊन मीटर जुन्या मालकाच्याच नावावर राहिला असेल, तर आधी नावबदल करून घ्या. भाडेकरूला मालकाची लेखी संमती लागते. थकबाकी असेल तर ती आधी भरा. कॉमन मीटर आणि पॅनेलचं काम सोसायटीच्या नावाने होतं, त्यासाठी सभेचा ठराव आणि सही करणाऱ्या पदाधिकाऱ्याचं अधिकारपत्र जोडायचं.

महावितरणमध्ये यासाठी ए-1 फॉर्म आहे, ऑनलाइनही भरता येतो. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरची वीज असेल तर त्यांचा फॉर्म वेगळा. सोबत शेवटचं बिल, ओळखपत्र, मालकीचा पुरावा (इंडेक्स 2 किंवा मालमत्ता कराची पावती) आणि परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट ठेवा. सोसायटीच्या फाइलमध्ये नोंदणी प्रमाणपत्र, फ्लॅटवार भाराची यादी आणि नव्या पॅनेलचा सिंगल लाइन आराखडा (जोडणी एका रेषेत दाखवणारं चित्र) घाला. आमची फाइल एकदा परत आली, कारण यादीतली बेरीज आणि आराखड्यातला मेन स्विच जुळत नव्हते. देण्याआधी हे दोन कागद शेजारी ठेवून तपासा.

पुढे कंपनीचा माणूस जागा पाहतो, ट्रान्सफॉर्मरवर तेवढी क्षमता आहे का ते तपासलं जातं आणि कोटेशन येतं. त्यात जोडणी शुल्काबरोबर वाढीव सुरक्षा ठेवही असते. एका फेजची मर्यादा ओलांडली की थ्री फेज मीटर येतो, आणि पॅनेलमध्ये त्याला जागा जास्त लागते. आराखडा काढतानाच ती सोडा.

कामाचे नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा विनियमांत आहेत. काम परवानाधारकानेच करायचं. घरगुती जोडणीला गळती पकडणारा आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचा हवा. हा खर्च कृपया वाचवू नका, ओल्या हाताने गिझरला स्पर्श झाला तर जीव तोच वाचवतो. इमारत 15 मीटरपेक्षा उंच असेल तर केबलच्या डक्टमधून पाण्याचा किंवा गॅसचा पाइप नेता येत नाही, प्रत्येक मजल्यावर डक्टमध्ये आग अडवणारा अडसर लागतो आणि वायर कमी धूर करणाऱ्या, आग न पसरवणाऱ्या प्रकारच्या लागतात. अशा इमारतीत शासनाने ठरवलेल्या भारापुढे विद्युत निरीक्षकाची तपासणीही लागते. त्या मंजुरीचा वेळ कंत्राटदाराच्या वेळापत्रकात आधीच धरा.

अर्ज अडकून पडला तर कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे लेखी जा. तिथेही समाधान झालं नाही तर विद्युत लोकपाल आहेत. यासाठी प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवा.

शटडाउनच्या दिवशी सील कंपनीच्या माणसानेच काढायचं, सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने हात लावायचा नाही. काम झाल्यावर वायरिंगची मेगर टेस्ट (इन्सुलेशन शाबूत आहे का ते तपासणारी) आणि अर्थिंगचं मोजमाप लेखी घ्या. आणि फ्लॅटचे मेन स्विच चालू करण्याआधी प्रत्येक मीटरच्या बाहेर जाणाऱ्या टोकांवर फेज-न्यूट्रल व्होल्टेज मोजून घ्या. ते 230 च्या आसपास दिसलं पाहिजे. एका ठिकाणी जरी 400 च्या आसपास दिसलं, तर कोणाच्याही घराचा स्विच वर करू देऊ नका.