आयईपी आणि एलडी सर्टिफिकेट: शाळा आणि हॉस्पिटलच्या मध्ये अडकलेल्या पालकांसाठी

शाळा म्हणते आधी एलडीचं, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटीचं (वाचन-लेखन-गणित शिकण्यातल्या अडचणीचं) सर्टिफिकेट आणा, मग आयईपीचं, म्हणजे मुलाच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याचं बघू. हॉस्पिटल म्हणतं आधी शाळेचं पत्र आणा, मग टेस्टिंगची तारीख देऊ. आणि शाळा पत्र देत नाही, का तर सर्टिफिकेट नाही! माझ्या मुलाच्या वेळी या गोल गोल फिरण्यात अख्खं एक वर्ष गेलं. आता ओळखीपाळखीतल्या आया फोन करतात तेव्हा तीच गोष्ट ऐकते, फक्त मुलाचं नाव बदललेलं असतं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की या मुंबईच्या लोकलसारख्या दोन वेगळ्या लाइनच्या गाड्या आहेत, हार्बर बंद पडली म्हणून वेस्टर्न थांबत नाही. आयईपी म्हणजे तुमच्या मुलाला आज काय येतं, वर्षभरात कुठवर न्यायचं आणि ते कोण कसं करणार याचा कागदावरचा प्लॅन. तो शाळेत बनतो. सर्टिफिकेट सरकारी हॉस्पिटलातून मिळतं आणि ते लागतं सवलतींसाठी, मुख्यतः दहावी-बारावीच्या बोर्डाला. आयईपीसाठी सर्टिफिकेटची वाट बघत बसायचं काही कारण नाही.

शाळेत बोलताना दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं नाव घ्या, त्यातलं कलम १६. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांसाठी आहे ते. त्यात म्हटलंय की मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करून द्यायच्या, लागेल तसा वैयक्तिक आधार द्यायचा, लर्निंग डिसॅबिलिटी लवकरात लवकर ओळखून शिकवण्यात बदल करायचे आणि मुलाची प्रगती बघत राहायची. निदान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे ती कलम ३१ मध्ये, ६ ते १८ वयाच्या मुलांच्या मोफत शिक्षणासाठी. ही दोन कलमं एकमेकांत मिसळून "४० टक्के आहे का? मग नाही होणार" असं सांगणारे मुख्याध्यापक मी स्वतः पाहिलेत. त्यांच्याशी वाद घालू नका, कलम १६ चं प्रिंट समोर ठेवा.

आयईपी हा शब्द मात्र त्या कलमात नाहीये. अमेरिकेत १९७५ पासून तो कायद्यातच आहे, आणि गुगलवर जे छान छान फॉर्म सापडतात ते बहुतेक तिकडचे. ते घेऊन शाळेत गेलं की समोरून "हे आपल्याकडे नसतं" ऐकायला मिळतं आणि विषय तिथेच संपतो. साधा अर्ज लिहा, मराठीत चालतो: मुलाचं नाव, इयत्ता, काय अडचण येतेय, आणि "कलम १६ प्रमाणे वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करून मिळावा". दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि तारीख घालून पोच घ्या. ही पोच फार महत्त्वाची, बरं का. तोंडी बोलणं पुढच्या वर्षी बाई बदलल्या की हवेत विरून जातं.

आता मीटिंग. इथे लोक अगदी खूश होऊन सही करून येतात आणि कागद बघितला तर त्यावर "वाचन सुधारणे, एकाग्रता वाढवणे". याला आयईपी म्हणत नाहीत, ही तर प्रगतिपुस्तकातली शेऱ्याची ओळ झाली. मार्चमध्ये सुधारलं की नाही हे कशावरून ठरवणार? लिहून घ्यायचं ते असं: "आत्ता दुसरीच्या पुस्तकातला उतारा अडखळत वाचतो, जोडाक्षरं सुटतात. दिवाळीपर्यंत दुसरीचा न पाहिलेला उतारा वाचेल, दहा ओळीत तीनपेक्षा जास्त चुका नाहीत. स्पेशल एज्युकेटर आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास घेतील." म्हणजे आज कुठे आहे, कधीपर्यंत कुठे, कोण, किती वेळ. त्याखाली वर्गात काय बदल करायचे ते, म्हणजे फळ्यावरचं उतरवायला जास्त वेळ, तोंडी उत्तर चालेल, शुद्धलेखनाचे मार्क कापायचे नाहीत, पुढच्या बाकावर बसवायचं वगैरे. पुढच्या रिव्ह्यूची तारीख आणि सगळ्यांच्या सह्या. आणि कॉपी मागून घ्या. "आमच्या फाइलला आहे" हे उत्तर घेऊन घरी येऊ नका.

शाळा म्हणेल आमच्याकडे स्पेशल एज्युकेटरच नाही. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं, आणि २०२२ मध्ये केंद्राने प्राथमिकला दर १० दिव्यांग मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला १५ मागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलंय. प्रत्यक्षात काय चित्र आहे ते तुम्हाला मला माहितीये. महापालिकेच्या शाळेत असाल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून येणाऱ्या विशेष शिक्षकांबद्दल विचारा, वर्गशिक्षिकेलाच कधी कधी ते माहीत नसतं. बाहेरून खासगी लावणार असाल तर आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन आहे का ते बघा, नुसतं "रेमेडियल टीचर" असं बोर्डावर कुणीही लिहितं.

सर्टिफिकेटकडे येते. एलडीचं टेस्टिंग साधारण तिसरीपासून, म्हणजे मूल आठ वर्षांचं झाल्यावर होतं, त्याआधी गेलात तर परत पाठवतील. हजारो रुपये देऊन केलेला खासगी सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट बोर्डाला चालत नाही, त्यासाठी मुंबईत सायन, नायरसारख्या अधिकृत सरकारी हॉस्पिटलचंच लागतं. पण तो रिपोर्ट फेकू नका, आयईपीला तो सोन्यासारखा आहे. हॉस्पिटलात एका खेपेत काम होत नाही. डोळे आणि कान तपासतात, मग आयक्यू, मग वाचन-लेखन-गणिताची टेस्ट. प्रत्येकाची तारीख वेगळी, मध्ये महिने जातात, तेवढ्या रजा बाजूला ठेवा.

कागदांमध्ये आधार, जन्मदाखला, बोनाफाइड, फोटो हे सगळ्यांकडे असतं. फक्त नावाचं स्पेलिंग आधारवर आणि शाळेत एकच आहे ना ते आधी बघा, नंतर युडीआयडीच्या (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या) फॉर्मलाही तेच आडवं येतं. खरं अडतं ते दोन गोष्टींवर. एक शाळेचं पत्र, जे मिळालं तरी त्यात "मुलगा अभ्यासात कच्चा व निष्काळजी आहे" एवढंच असतं. बाईंना विनंती करा की नेमकं लिहा: अक्षरं उलटी काढतो, तोंडी येतं पण लिहिता येत नाही, वजाबाकीत हातचा कळत नाही, कधीपासून आहे. आणि दुसरं म्हणजे मुलाच्या वह्या! गेल्या दोन वर्षांच्या वह्या आणि पेपर दाखवायला मागतात, आणि त्या आपण मे महिन्यात रद्दीवाल्याला दिलेल्या असतात. मी दिल्या होत्या. नंतर शेजारच्या बाईच्या क्लासमध्ये पडलेल्या चार वह्यांवर निभावलं.

टेस्टिंग मुलाच्या शाळेच्या माध्यमाप्रमाणे व्हायला हवं. मूल मराठी माध्यमाचं असेल तर पहिल्याच दिवशी काउंटरवर तसं सांगा.

आता एक कडू गोष्ट. आयक्यू साधारण ८५ च्या खाली आला तर एलडीचं सर्टिफिकेट मिळत नाही, आणि बौद्धिक दिव्यांगत्वाचं ७० च्या खाली मिळतं. मधली मुलं कुठेच बसत नाहीत. रडू येतं अशा वेळी, पण पहिला मुद्दा आठवा: आयईपीला सर्टिफिकेट लागत नाही. याच मुलांना त्याची सगळ्यात जास्त गरज असते आणि शाळा नेमकी त्यांनाच "काही निघालं नाही ना" म्हणून सोडून देते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती तारखेची. नऊ वर्षांच्या वयात सर्टिफिकेट मिळालं, लॅमिनेट करून कपाटात ठेवलं, आणि दहावीत कळतं की १४ व्या वर्षी पुन्हा टेस्टिंग करायचं असतं. तेव्हा परत तीच लाइन, तेच महिने. १८ ला पुन्हा एकदा. म्हणून आठवी संपतानाच नवीन तारीख घेऊन ठेवा. आणि युडीआयडी कार्ड घरी आलं म्हणजे बोर्डाची सवलत आपोआप लागली असं नाही. तिचा अर्ज वेगळा, शाळेमार्फतच बोर्डाच्या विभागीय मंडळाकडे, मुंबईसाठी वाशीला, जातो, तुम्ही स्वतः वाशीला जाऊन उभं राहून उपयोग नाही. शाळेत कोण क्लार्क हे काम बघतात त्यांना नववीतच गाठा.

सवलतींमध्ये तासाला २० मिनिटं जादा वेळ, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. लेखनिक घेणार असाल तर तो खालच्या इयत्तेतला लागतो. अकरावीतला मावसभाऊ कितीही हुशार असला तरी चालत नाही, नववीतलं मूल शोधा, त्याच्या आईवडिलांशी आणि शाळेशी आधी बोला, आणि घरी दोघांना निदान पाच-सहा पेपर सोबत लिहायला बसवा. उत्तर सांगून लिहून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे, माझ्या मुलाला पहिल्यांदा सांगताच येत नव्हतं. गणिताऐवजी सोपं अंकगणित घ्यायची सोय मोहात पाडते, पण पुढे इंजिनिअरिंग वगैरे मनात असेल तर दहा वेळा विचार करा, आणि मुलालाही विचारा.

शाळा अर्जाला उत्तरच देत नसेल तर महिनाभराने आठवणपत्र द्या, त्याचीही पोच घ्या. मग शिक्षण निरीक्षकांकडे, महापालिकेची शाळा असेल तर तिथल्या शिक्षण विभागाकडे. तिथेही काही हललं नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते, वकील लागत नाही. सोबत दोन्ही पोचांच्या झेरॉक्स जोडा, मूळ कागद कुणालाही देऊ नका.