‘जंगल जंगल बात चली है’ जपानी गाण्याचं भाषांतर आहे का?

वर्षानुवर्षं फिरणारा एक मेसेज आहे: मोगलीचं ‘जंगल जंगल बात चली है’ हे मूळ जपानी शीर्षकगीताचं हिंदी भाषांतर.

अर्धी गोष्ट खरी आहे, म्हणून ती पटतेही. मोगलीची ‘जंगल बुक’ ही कार्टून मालिका जपानीच. 1989 साली तिकडे सुरू झाली, एकूण 52 भाग. दूरदर्शनवर आली ती नंतर. गाणं मात्र हिंदीसाठी नव्याने लिहिलं गेलं आणि चालही इथेच बांधली गेली.

पडताळा सोपा आहे. जपानी भागाची सुरुवात लावा, डोळे मिटा आणि त्या चालीवर ‘चड्डी पहन के’ म्हणून बघा. शब्द बसतच नाहीत, कारण चालच वेगळी. (आमच्या घरी हा प्रयोग हसण्यावारीच गेला.)

यात वावगं काही नाही. 1974 च्या ‘हायडी’ या जपानी कार्टून मालिकेलाही जर्मनीत स्वतंत्र गाणं मिळालं. संवाद भाषांतरित करता येतात. पण रविवारी सकाळी पोरांना दात घासता घासता टीव्हीपुढे आणायचं, तर गाणं त्यांच्या तोंडी बसणारं लागतं.