ठामपणा आणि हट्ट: नेत्याच्या बाबतीत फरक कसा ओळखायचा?

ठाम नेता आणि हट्टी नेता दुरून सारखेच दिसतात. दोघेही सहजासहजी मागे हटत नाहीत, विरोधाने गांगरत नाहीत, चारचौघांत ‘नाही’ म्हणायला कचरत नाहीत. त्यामुळे हट्टी माणसाला ‘कणखर’ म्हणून डोक्यावर घेतले जाते आणि ठाम माणसाने एक पाऊल मागे घेतले की ‘कच खाल्ली’ म्हणून त्याला हिणवले जाते. गृहनिर्माण सोसायटीपासून विधानसभेपर्यंत ही गफलत चालते.

परिस्थिती पालटली की दोघांतला फरक उघडा पडतो. माझ्या मते याचे सर्वांत बोलके उदाहरण महाडचे आहे, आणि तेही मार्चचे नव्हे, डिसेंबरचे.

20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ला झाला. त्यांच्यात सैन्यात नोकरी केलेले कितीतरी जण होते आणि प्रतिकार करणे त्यांना अवघड नव्हते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पुढे नगरपालिकेने तळे खुले करण्याचा आपला ठराव फिरवला, तेव्हा डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले.

हजारो लोक महाडला जमले. पण तोवर विरोधकांनी तळे खासगी असल्याचा दावा दाखल करून दिवाणी न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. सभेतला सूर तळ्यावर जायचाच असा होता. तुरुंगात जायला तयार असलेल्यांची यादीही मोठी होती. अशा वेळी पुढे होऊन ‘चला’ म्हणणे सर्वांत सोपे असते आणि टाळ्याही त्यालाच पडतात.

बाबासाहेबांनी आधी लोकांना बोलू दिले, जिल्हा कलेक्टरांनाही सभेपुढे बोलू दिले. मग स्वतः उभे राहून सत्याग्रह तहकूब करण्याची बाजू मांडली. हुकूम मोडला तर भांडण स्पृश्यांशी न राहता सरकारशी लागणार होते, आणि ते लोकांना परवडणारे नव्हते. तळ्याभोवती शिस्तीत मिरवणूक निघाली, पाण्याला कोणी हात लावला नाही. खटला मात्र सोडला नाही. अखेर 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे विरोधकांना सिद्ध करता आले नाही. ज्या हक्कासाठी डिसेंबरमध्ये पाणी न पिता लोक परतले होते, तो हक्क न्यायालयात टिकला.

आता हट्ट पाहा. दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर 1942 मध्ये, रशियातल्या स्टालिनग्राड शहरात जर्मनीचे सहावे सैन्य वेढले गेले. वेढा फोडून बाहेर पडू द्या, अशी तिथल्या सेनापतींची मागणी होती. शेकडो मैल दूर बसलेल्या हिटलरने ती धुडकावली. विमानांतून रसद पोचवू, हे हवाई दलाचा प्रमुख गोरिंग याचे आश्वासन त्याला हवे तसे होते, म्हणून त्याने ते मानले. रसद पुरेशी पोचलीच नाही. फेब्रुवारी 1943 च्या सुरुवातीला उरलेले सुमारे 91 हजार उपाशी, गोठलेले सैनिक शरण गेले आणि त्यांतले जेमतेम पाच-सहा हजार पुढे मायदेशी परतले. शहर सोडायचे नाही, हा निर्णय शहराच्या लष्करी उपयोगापेक्षा एका माणसाच्या प्रतिष्ठेशी बांधला गेला होता.

दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: पुढे रेटायचे की थांबायचे? महाडला नेता लोकांमध्ये उभा होता, नको असलेली बातमीही ऐकत होता आणि किंमत कोण मोजणार याचा हिशेब करत होता. दुसरीकडे नको असलेली बातमी आणणाराच नकोसा झाला होता. म्हणून नेत्याला पारखताना मी एक प्रश्न विचारावा म्हणतो: ‘काय घडले तर तुम्ही हा निर्णय बदलाल?’ ठाम माणसाकडे याचे उत्तर तयार असते, कारण त्याने साध्य आणि साधन वेगळे ठेवलेले असते. हट्टी माणसाला हा प्रश्न म्हणजे आपल्यावरचा अविश्वास वाटतो.

अर्थात, प्रत्येक माघार शहाणपणाची नसते. लोक ओरडले की भूमिका बदलणारा नेता ठाम नव्हे, तो नुसता वाऱ्यासोबत वाहणारा. म्हणून एका निर्णयावर न थांबता त्याची दहा-वीस वर्षे पाहावी लागतात. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 रोजी सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालला. दार उघडले नाही. 1934 मध्ये बाबासाहेबांनीच तो थांबवण्याचा सल्ला दिला, कारण मूर्तीपुढे जाणे हे त्यांचे साध्य कधीच नव्हते. लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, यासाठी तो लढा होता. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधल्या 21 वर्षांत कोणता धर्म स्वीकारायचा, याचा शोध चालूच होता, शीख धर्माचाही त्यांनी गंभीरपणे विचार केला. येवल्यातला शब्द मात्र त्या काळात त्यांनी एकदाही मागे घेतला नाही.